लग्नाआधीची सात वर्षे

वऱ्हाडात एखाद्या घरची मुलगी बाविशीची झाली, की तिच्या लग्नाची काळजी तिच्या आईबापांपेक्षा शेजारपाजाऱ्यांना अधिक लागते. कापूस विकून हाती चार पैसे आले आणि तुळशीचे लग्न आटोपले, की अकोला-अमरावती एस. टी.त बसलेली निम्मी मंडळी कोणाच्या ना कोणाच्या सोयरिकीला निघालेली असतात. मांडीवर पेढ्यांचा पुडा, खिशात पत्रिका आणि तोंडी एकच विषय. मुलगी शिकत असेल तर अजून किती शिकणार, नोकरी करीत असेल तर आता कशाची वाट पाहता, आणि तिने स्वतःच थोडे थांबू या असे म्हटले तर नक्कीच काहीतरी भानगड असणार, अशी आपली तीन पायऱ्यांची तर्कपद्धती आहे. तिला लग्नाची भीती वाटत असेल, किंवा एकटीचे चार दिवस तिला खरोखरच आवडत असतील, ही चौथी पायरी आपल्या जिन्याला नसतेच.

परदेशात या चौथ्या पायरीवर आता पुस्तकांची अख्खी दुकाने उभी आहेत. १९९६ साली हेलन फील्डिंग या इंग्रज लेखिकेने ब्रिजेट जोन्स नावाच्या एका अविवाहित तरुणीची रोजनिशी कादंबरीच्या रूपाने लिहिली. लंडनमध्ये एकटी राहणारी ही बाई रोज सकाळी आपले वजन आणि ओढलेल्या सिगारेटी मोजते, लग्न झालेल्या मैत्रिणींच्या प्रश्नांनी बेजार होते आणि लग्नाचे नाव काढताच पाय मागे घेणाऱ्या पुरुषांवर जीव लावून बसते. जगभरच्या बायका ते वाचून पोट धरून हसल्या. पण या कादंबरीचा सांगाडा नवा नव्हता. तो १८१३ साली छापलेल्या जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा होता. या जेनबाईंची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८०२ सालच्या डिसेंबरात एका सधन घरच्या तरुणाने त्यांना मागणी घातली. रात्री त्यांनी होकार दिला आणि सकाळ होताच तो मागे घेतला. पुढे त्या अविवाहितच राहिल्या आणि लग्नाच्या बाजारावर जन्मभर मिस्किलपणे लिहीत राहिल्या.

आपल्याकडे या विषयावर हसायला बराच वेळ लागला. १९३३ साली विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' आले तेव्हा शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातले बोलणे प्रथमच छापून निघाले. त्यावर एवढे काहूर माजले, की लेखिकेला टोपणनावाआड राहावे लागले. ज्या गोष्टीचे नाव घेणेच धोक्याचे आहे, त्या गोष्टीवर विनोद कसा करणार? हसण्यासाठी आधी पायाखाली थोडी घट्ट जमीन लागते. ती जमीन कोणीतरी स्वतःच्या आयुष्यातून तयार करून द्यावी लागते. आपल्या वऱ्हाडापुरते बोलायचे, तर हे काम करणाऱ्यांत एका अमरावतीच्या मुलीचे नाव फार वर घ्यावे लागेल. तिचे नाव कुसुम जयवंत. पुढे मराठी वाचकांनी त्यांना कुसुमावती देशपांडे म्हणून ओळखले.

अमरावतीची मुलगी, मूर्तिजापूरचा मुलगा

कुसुमचा जन्म अमरावतीचा, १० नोव्हेंबर १९०४ चा. वऱ्हाड तेव्हा नुकताच एका घरातून दुसऱ्या घरात गेला होता. १९०२ साली निजामाकडून तो इंग्रजांनी कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्याच वर्षी मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला. कापसाच्या पैशाने अमरावती गजबजलेली होती. १८९७ साली या गावात काँग्रेसचे अधिवेशन भरून गेले होते, दादासाहेब खापर्ड्यांसारखे पुढारी येथे राहत होते आणि वकील, डॉक्टर, शिक्षक यांचा एक सुशिक्षित वर्ग तयार झाला होता. अशा गावात मुलगे कॉलेजात जाणे नवलाचे राहिले नव्हते. मुलीला दूर शिकायला धाडणे मात्र नवलाचेच होते.

कुसुम शिकण्यासाठी पुण्याला गेली. आज अमरावतीची मुलगी पुण्याला जाते तेव्हा स्टेशनवर फार तर तिची बॅग जड आहे का एवढे विचारले जाते. त्या वेळी बडनेऱ्याला गाडी बदलून शेकडो मैल दूर जाणारी मुलगी म्हणजे सगळ्या गल्लीचा विषय. ती शिकून करणार काय, हा प्रश्न तर होताच. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे एवढी शिकलेली मुलगी पुढे खपणार कशी.

त्याच वऱ्हाडातला एक मुलगाही पुण्यात शिकत होता. आत्माराम रावजी देशपांडे, राहणार मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. जन्म ११ सप्टेंबर १९०१. कविता करायची खोड होती आणि त्यासाठी त्याने 'अनिल' हे नाव घेतले होते. मूर्तिजापूर म्हटले की आपल्याला 'शकुंतला' आठवते. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी आता बंद पडली. पण ती इतक्या सावकाश जायची, की घाई असलेल्या माणसाने तिच्यात बसूच नये. या गावाच्या मुलाने पुढे प्रेमाच्या बाबतीत दाखवलेला धीर पाहता, शकुंतलेच्या फलाटावर त्याचा काही संबंध असावा असे गमतीने वाटते.

दोघांची ओळख झाली. कुसुम म्हणजे फूल, अनिल म्हणजे वारा. नावेही अशी, की कोणी कादंबरीकाराने ठेवली असती तर आपण म्हटले असते, फारच जुळवून आणले बुवा!

पत्रांची वर्षे

१९२२ साली या दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला तेव्हा कुसुमला अठरावेही पुरे झाले नव्हते आणि अनिल एकविशीच्या आत होता. लग्न झाले १९२९ साली. मध्ये सात वर्षे गेली.

या सात वर्षांकडे आपण कसे पाहतो, यावर बरेच काही अवलंबून आहे. चित्रपटवाला ती एका गाण्यात उरकून टाकील. ज्योतिषी त्यांत मंगळ शोधील. शेजारीण म्हणेल, पोरगीच घाबरट असेल, नाही तर पोरगा लबाड. पण ही सात वर्षे कशाने भरलेली होती ते पाहिले, म्हणजे त्यांना थांबणे म्हणावे की चालणे, असा प्रश्न पडतो.

त्या काळी होकाराचा अर्थ काय होता हे आधी लक्षात घ्यायला हवे. मुलाने लग्नाला होकार दिला की त्याच्या आयुष्यात एका माणसाची भर पडत असे. मुलीने होकार दिला की बहुधा तिची पुस्तके माळ्यावर जात. नाव बदलत असे, गाव बदलत असे, आणि दिवसाचे चोवीस तास दुसऱ्याच्या घड्याळाला बांधले जात. अशा वेळी प्रेम असूनही एखाद्या मुलीचे पाऊल उंबरठ्याशी अडखळले, तर तिला प्रेमाची भीती वाटते असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिला भीती वाटते ती प्रेमासोबत येणाऱ्या बाकीच्या गाठोड्याची.

या वर्षांत दोघे वेगवेगळ्या वाटांनी चालत होते. अनिलने पदवी घेतली, कायद्याची परीक्षा दिली, पोटापाण्याचा मार्ग शोधला. कुसुमचे शिक्षण पुण्याहून नागपूरला गेले आणि तेथे तिने पदवी मिळवली. एकमेकांचा सहवास असा थोडाच, पण पत्रे मात्र भरपूर. वाचलेल्या पुस्तकांची पत्रे, अभ्यासाची पत्रे, घरच्या काळज्यांची पत्रे, रुसव्याची आणि समजुतीची पत्रे. १९२२ पासून १९२७ पर्यंतची ही पत्रे पुढे जपून राहिली, म्हणून आज आपल्याला त्या काळातल्या एका शिकलेल्या मुलीचे मन तिच्याच हस्ताक्षरात कळू शकते. कथा-कादंबऱ्यांतल्या नायिका तेव्हा बहुतेक करून पुरुषांनी लिहिलेल्या होत्या. त्या केव्हा लाजतील, केव्हा रडतील हे लेखक ठरवी. येथे एक खरी मुलगी स्वतः ठरवीत होती.

आणि ती एकटी ठरवीत नव्हती, हेही महत्त्वाचे आहे. बाईचा हट्ट आणि पुरुषाचा मोठेपणा अशी या गोष्टीची वाटणी करायचा मोह होतो. पण पाचपाच वर्षे पत्रांतून एकमेकांना समजून घेणारी माणसे एकमेकांवर उपकार करीत नसतात. ती एकमेकांची परीक्षा घेत असतात आणि स्वतःचीही देत असतात. आपल्या वऱ्हाडातच आयुष्य काढलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी, ज्यांना मराठी विनोदाचे जनक मानतात त्यांनी, 'वधुपरीक्षा' नावाचे नाटक लिहिले आहे. नाटकातले राहू द्या. आपल्या घरी चालणाऱ्या वधुपरीक्षेत मुलगी चालून दाखवते, सुई ओवून दाखवते आणि पोहे पुढे करते. वरपरीक्षेचा पेपर मात्र कोणी काढतच नाही. कुसुमने तो सावकाश, सात वर्षे घेऊन, काढला असे म्हणायला हरकत नाही.

विलायतेची दोन वर्षे

नागपूरची पदवी हाती आल्यावर लग्नाला आता कोणाचीच हरकत नको होती. पण कुसुम लंडनला गेली. इंग्रजी साहित्याचा अभ्यास करून १९२९ साली तिने लंडन विद्यापीठाची पदवी मिळवली.

क्षणभर त्या काळात जाऊन पाहा. ज्या मुलीचे मन एका माणसावर जडले आहे, जिचे वय तेव्हाच्या हिशेबाने केव्हाच उलटून गेले आहे, ती मुलगी बोटीने सातासमुद्रापार जाते. घरी दिवाणखान्यात काय बोलले गेले असेल याची कल्पना करायला कादंबरीकार असण्याची गरज नाही. परत येईल का, आली तर कशी येईल, आणि तोवर मुलगा थांबेल का? या तीन प्रश्नांत सगळे आले.

मुलगा थांबला. मुलगी परत आली. १९२९ सालीच दोघांचे लग्न झाले. नवरी पंचविशीला आली होती.

या सालात एक योगायोग दडलेला आहे. १९२९ च्या सप्टेंबरातच सारडा कायदा मंजूर झाला. मुलीचे लग्न चौदा वर्षांच्या आत करू नये आणि मुलाचे अठराच्या आत करू नये, एवढेच तो सांगत होता. एवढ्यावरूनही देशभर गदारोळ उठला. धर्म बुडाल्याची हाकाटी झाली, आणि १ एप्रिल १९३० ला कायदा लागू होण्याआधी पुष्कळ ठिकाणी मुलामुलींची लग्ने घाईघाईने उरकण्यात आली. त्याआधी सहाच वर्षे, १९२३ साली, नागपुरात वकिली करणाऱ्या हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने नोंदणी विवाहाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, आपला धर्म नाकारल्याशिवाय हिंदूंना तसे लग्न करण्याची वाट मोकळी झाली होती. म्हणजे लग्न ही ठरवण्याची गोष्ट आहे, उरकण्याची नव्हे, हा विचार कायद्याच्या पुस्तकात नुकता कोठे डोकावू लागला होता. देश चौदा की बारा असा वाद घालत असताना अमरावतीची ही मुलगी स्वतःच्या मताने, स्वतःच्या वेळी, दोन पदव्या पदरात बांधून बोहल्यावर चढली.

पुढे कुसुमावतींनी रमाबाई रानड्यांच्या आठवणींचे इंग्रजी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९६३ साली, प्रसिद्ध झाले. रमाबाईंचे लग्न १८७३ साली अकराव्या वर्षी झाले होते आणि अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याने करून दिली होती. १८७३ आणि १९२९ यांत छपन्न वर्षांचे अंतर आहे. आजी आणि नात यांच्यात असते तेवढेच. एकीला लग्नानंतर पाटी मिळाली. दुसरीने पाटी, पुस्तक, बोट, विद्यापीठ सगळे पाहून घेतले आणि मग लग्न केले. पहिलीची गोष्ट दुसरीने जगाच्या भाषेत नेली, यात एक फार सुंदर परतफेड आहे.

लग्नानंतर पुस्तके माळ्यावर गेली नाहीत

सात वर्षे वाट पाहून केलेले लग्न कसे निघाले, हा वाचकांच्या मनातला रास्त प्रश्न आहे. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला तर तो पडतोच; मुदत संपल्यावर ठेवीचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय खाते बंद करण्याची आम्हाला सवय नाही.

१९३१ पासून कुसुमावती नागपूरच्या मॉरिस कॉलेजात, म्हणजे पुढच्या नागपूर महाविद्यालयात, इंग्रजी शिकवू लागल्या. त्या काळी बहुतेक बाकांवर मुलगे आणि फळ्यापाशी साडी नेसलेल्या प्राध्यापिका, हे दृश्यच नवे होते. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी तेथे पिढ्या घडवल्या. इकडे अनिलांचा पहिला कवितासंग्रह 'फुलवात' १९३२ साली आला आणि पुढे 'भग्नमूर्ती', 'पेर्ते व्हा' अशा पुस्तकांनी ते मुक्तछंदाचे महत्त्वाचे कवी ठरले. 'फुलवात' नवऱ्याची, 'दीपकळी' बायकोची. तीसच्या दशकातला हा तिचा पहिला कथासंग्रह. त्यानंतर 'दीपदान', १९४५ साली 'मोळी' आणि १९५८ साली 'दीपमाळ'. घरात एक ज्योत लिहीत होता, दुसरी दिवा लिहीत होती, आणि कोणाच्या उजेडात कोण लिहितो असा वाद तेथे झाल्याचे दिसत नाही. दोघांचे लिखाण मात्र अगदी वेगळे राहिले.

कुसुमावती विनोदी लेखिका नव्हेत. त्यांच्या कथा वाचून कोणी खो खो हसत नाही. त्यांत मोठे प्रसंग नाहीत, रहस्य नाही, शेवटी धक्का नाही. एखादी गरीब बाई, एखादे उपेक्षित मूल, रस्त्यावर दिसलेला एखादा माणूस, यांच्याकडे थांबून पाहणारी ती कथा आहे. कधी ती शब्दचित्रासारखी वाटते, कधी लघुनिबंधासारखी. पण कोणालाही कमी न लेखता पाहण्याची जी सवय चांगल्या विनोदाच्या मुळाशी असते, ती त्यांच्याकडे भरपूर होती. खरा विनोद करणारी बाई आधी स्वतःकडे थोडे लांबून पाहायला शिकते. आपण एकट्या आहोत म्हणून बिचाऱ्या नाही, आणि लग्न झाले म्हणून जिंकलोही नाही, हे कळल्यावरच तिला हसू येऊ लागते. हा समतोल कुसुमावतींच्या लिहिण्यात आहे. त्यामुळे त्यांना हसवणाऱ्यांच्या यादीत घालता आले नाही, तरी हसणाऱ्यांची वाट सोपी करणाऱ्यांच्या यादीत घालावेच लागते.

त्यांचे दुसरे मोठे काम समीक्षेचे. 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा त्यांचा दोन भागांचा ग्रंथ १९५३-५४ च्या सुमारास आला आणि 'पासंग' हा समीक्षालेखांचा संग्रह १९५४ साली. शंभर वर्षांची मराठी कादंबरी एका बाईने समोर मांडून तपासली, ही त्या वेळी लहान गोष्ट नव्हती. या शतकाच्या आरंभी १८५७ चे 'यमुनापर्यटन' आहे, विधवांचे दुःख सांगणारे. पुढे हरिभाऊंची यमू आहे. मग विभावरींच्या मुली आहेत. १९०७ साली वाशीमला जन्मलेल्या गीता साने आहेत, ज्यांच्या १९३६ सालच्या 'निखळलेली हिरकणी' सारख्या कादंबऱ्यांतल्या बायका संसाराची चौकट सरळ प्रश्नांकित करतात. या ओळीत उभे राहून पाहिले, की मराठी कादंबरीचा इतिहास हा बराचसा बाईच्या लग्नाचाच इतिहास आहे असे वाटते. आधी लग्नाने मारलेली बाई, मग लग्नावर रागावलेली बाई, मग लग्नाला प्रश्न विचारणारी बाई. लग्नाकडे पाहून हसणारी बाई या रांगेत सर्वांत शेवटी येते. आधीच्या तिघी रडून, रागावून आणि विचारून झाल्या, म्हणून तिला हसता आले.

ग्वाल्हेरचे व्यासपीठ

पन्नासच्या दशकात नोकरीच्या निमित्ताने पतिपत्नी दिल्लीला गेली. अनिल समाजशिक्षणाच्या कामात होते. कुसुमावतींनी आकाशवाणीवर स्त्रियांच्या आणि मुलांच्या कार्यक्रमांची जबाबदारी घेतली. जिला स्वतःसाठी वेळ मागून घ्यावा लागला होता, ती आता देशभरच्या बायकांची दुपार शहाणी करण्याच्या कामाला लागली.

१९५८ साली मालवणच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद अनिलांना मिळाले. तीन वर्षांनी, १९६१ साली, ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष कुसुमावती झाल्या. पहिले ग्रंथकार संमेलन १८७८ साली पुण्यात भरले होते. म्हणजे या व्यासपीठाला अध्यक्षस्थानी बाई पाहायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. कुसुमच्या सात वर्षांना उशीर म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही एकदा करून पाहावा. त्यानंतरही गती शकुंतलेचीच राहिली. १९७५ ला दुर्गाबाई भागवत, १९९६ ला शान्ता शेळके, २००१ ला विजया राजाध्यक्ष, २०१९ ला आपल्या यवतमाळला अरुणा ढेरे आणि २०२५ ला दिल्लीत तारा भवाळकर. संमेलने शंभरीच्या उंबरठ्यावर आली आणि बाया जेमतेम सहा. त्यांतली पहिली अमरावतीची, हे आपल्या शाळांतल्या मुलींना ठाऊक असते का, असा प्रश्न कधी कधी पडतो.

ग्वाल्हेरचा मान मिळाला त्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९६१ रोजी, कुसुमावती गेल्या. सत्तावन्न पुरी होऊन एकच आठवडा झाला होता. लग्नाआधी सात वर्षे आणि लग्नानंतर बत्तीस, एवढीच त्या दोघांची सोबत.

हयात असेल त्याने

बँकेत जोडखाते उघडताना फॉर्मवर एक ओळ असते. दोघांपैकी कोणीही, किंवा जो हयात असेल तो, या खात्यातून पैसे काढू शकेल, अशा अर्थाची. नवी जोडपी ती ओळ न वाचताच सही करतात. तरुणपणी दुसरा अर्धा भाग आपल्यासाठी नाहीच, असे वाटत असते. पुढे काउंटरवर एखादे आजोबा एकटेच पासबुक घेऊन उभे राहतात, तेव्हा त्या ओळीचा अर्थ समोर येतो.

अनिल मागे वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. १९७२ साली, कुसुमावती जाऊन अकरा वर्षे झाल्यावर, त्यांनी दोघांची ती जुनी पत्रे 'कुसुमानिल' या नावाने प्रसिद्ध केली. सत्तरी गाठलेल्या, मानमरातब मिळालेल्या कवीने आपली आणि आपल्या पत्नीची तरुणपणची पत्रे लोकांपुढे ठेवावीत, हे तेव्हाच्या मराठी घरांना जरा धीटपणाचेच होते. आपल्याकडे नवरा-बायकोच्या प्रेमाचा पुरावा म्हणून मुलेबाळे दाखवतात, पत्रे नव्हे. पण त्या पुस्तकाने एक गोष्ट कायमची नोंदवून ठेवली. लग्नाआधीची सात वर्षे ही त्यांच्या आयुष्यातली रिकामी जागा नव्हती. तीच त्यांची मूळ ठेव होती. बत्तीस वर्षांचा संसार तिच्या व्याजावर चालला. अनिलांच्या 'दशपदी'ला १९७७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ८ मे १९८२ रोजी तेही गेले.

आज कायद्याने मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस झाले, त्यालाही १९७८ पासून बरीच वर्षे लोटली. आपल्या मुली आता पुण्यालाच काय, बर्लिन आणि बोस्टनलाही जातात. स्वतःच्या पगारावर खोली घेतात, एकटीचा गॅस आणि एकटीचा कुकर लावतात, आणि त्यावर मिस्किल लिहितात, बोलतात. त्यांच्या विनोदाला आई हसते, बाबाही हसतात. मग दिवाळीला पोरगी घरी आली की हेच बाबा हळूच विषय काढतात. पोरगी थोडे थांबू म्हणते आणि घरात तोच जुना ताण उभा राहतो, जो शंभर वर्षांपूर्वीच्या अमरावतीतही अनेक घरांत उभा राहिला असेल.

प्रत्येक थांबणाऱ्या मुलीच्या मनात कोणी अनिल असेलच असे नाही. काहींना जोडीदार नकोच असेल, जसा जेनबाईंना एका रात्रीनंतर नकोसा झाला. काहींना नुसती भीती वाटत असेल, आणि ती वाटण्याजोगी कारणे त्यांनी आपल्याच घरात पाहिली असतील. तिने किती दिवस थांबायचे, हा प्रश्न आपण तिला पुष्कळ वेळा विचारतो. या थांबण्यात तुला काय करायचे आहे, हा मात्र क्वचित. कुसुम जयवंतने त्याचे उत्तर दिले होते: शिकायचे आहे, पाहायचे आहे, आणि ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचे त्याला नीट ओळखायचे आहे. तेवढे झाल्यावर ती आपल्या पायांनी चालत आली.

येत्या लग्नसराईत एस. टी.त पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसलेल्या मंडळींनी मूर्तिजापूरचे स्टँड आले, की खिडकीतून एकदा बाहेर पाहावे. या गावचा एक मुलगा अमरावतीच्या एका मुलीसाठी सात वर्षे थांबला होता, आणि त्यात दोघांचेही काही नुकसान झाले नाही.